ज्याच्याकडे कोणी आलं नाही

आमच्या संडेस्कूलचा जो मुख्य आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर नाही, मागून. तोंडावर म्हणायला तो आधी गप्प बसला पाहिजे ना!

माझं सायकलचं दुकान चर्चच्या हॉलला चिकटून आहे. भिंत एकच, वर जाळीची खिडकी. रविवारी सकाळी मी इकडे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो आणि तिकडे भोंगा पोरांना मिशनरी शिकवतो. शाळा मी चौथीत सोडली, पण चर्चचा सगळा इतिहास मला त्या खिडकीतून फुकट मिळालाय. पहिल्या शिष्यांपासून ते जहाजातून उलट्या करत गेलेल्यांपर्यंत, सगळे.

आणि काय माणसं होती हो! एकाला पोरवयात पळवून नेऊन गुलाम केलं, जनावरं राखायला लावली. कसाबसा निसटून घरी आला. आणि मग गेला कुठे, तर ज्यांनी राबवलं त्यांच्याकडेच परत, सुवार्ता सांगायला. हे ऐकून माझ्या हातातला पाना थांबला. माझ्याशी वाकडं वागलेल्या माणसाच्या गल्लीतून मी सायकलसुद्धा नेत नाही. म्हटलं, आता भोंगा सांगेल, परत जाताना त्याचे पाय कसे उचलले असतील. तर भोंगा ओरडला, "आणि मुलांनो, हजारोंचा बाप्तिस्मा झाला! हजारोंचा! लिहून घ्या!"

दुसरा एक महारोग्यांच्या बेटावर गेला. त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांची घरं बांधली, शेवटी त्याच रोगानं गेला. त्याला भोंग्यानं पाऊण मिनिट दिलं. आकडा सापडेना ना.

म्हणजे पोरांना मिशनरी शिकवायचे की सामन्याचा स्कोर सांगायचा, हे भोंग्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्याच्याकडे जास्त माणसं आली तो मोठा. असंच असेल तर सगळ्यात मोठा मिशनरी आमच्या नाक्यावरचा बसस्टॉप.

तुम्ही म्हणाल, एवढं भिंतीतून ऐकतोस तर आत का जात नाहीस? तर ऐका. माझी बायको गेली तेव्हा ती पेटीत, मी शेजारी उभा, आणि भोंग्याच्या हातात माईक. हा मनुष्य तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलला आणि मग हॉलच्या नव्या छपराबद्दल सुरू झाला. पत्रा कसला, जाड किती. पत्रा बसवणाऱ्याचे आभारसुद्धा मानले. बायको बिचारी ऐकत पडली होती. त्या दिवसापासून मी भिंतीच्या अलीकडे, देव पलीकडे. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. मी त्यांच्या सायकलीत हवा भरून दिली, दुसरं काही दिलं नाही.

पण माझी नात जायची. मुलगी दवाखान्यात नर्स, तिची रविवारी ड्यूटी, म्हणून सकाळीच पोरीला माझ्याकडे सोडून जायची. पोरीला आम्ही मुंगी म्हणतो. नऊ वर्षांची. बोलत नाही फारशी. मुकी नाही हं, पण शब्द असे काढते जसं काही प्रत्येकाला कर लागतो. अनोळखी माणूस दिसला की माझ्या पाठीमागे. काम मात्र एकदा दाखवलं की पुरे. पंक्चर माझ्यापेक्षा सफाईनं काढते.

तर या मुंगीला वार्षिक कार्यक्रमात मिशनरी व्हायचं होतं. नाटक भोंग्यानंच लिहिलेलं, त्यात जगातले सगळे मिशनरी पाऊण तासात येऊन जाणार, आणि सगळ्यांचं काम एकच पोर करणार. कोट आणि हॅट घालून. हॅट खरी होती, कोणाच्या तरी आजोबांची. मुंगीनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, पण ती हॅट तिच्या मनात बसली.

आणि भोंग्यानं काय करावं? त्यानं शर्यत लावली. "जो मुलगा किंवा मुलगी सगळ्यात जास्त नवी माणसं संडेस्कूलला आणेल, तो आपला मिशनरी!"

आता मुंगी कोणाला आणणार? तिला दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला "बसा" म्हणायची चोरी.

मला यातलं काही तिनं सांगितलं नाही, आणि त्या रविवारी मी नेमका सामान आणायला गेलेलो, म्हणून खिडकीतूनही ऐकलं नव्हतं. मला सांगितलं शेजारच्या शाळेच्या वॉचमननं. म्हातारा, एकटा, गेटवर स्टूल टाकून बसतो. एका रविवारी तो माझ्या दुकानासमोरून गेला, डोक्याला मफलर, हात धरून चर्चच्या सेक्रेटरीचा नातू. त्या पोराला सगळे बटाटा म्हणतात, कारण बघितलं की कळतं. पुढच्या रविवारी पुन्हा वॉचमन, डोळ्यावर काळा चष्मा, हात धरून पुन्हा बटाटा. मग एकदा कानटोपी.

मी हाक मारली. "काय हो, तुमचा किती वेळा उद्धार करणार आहेत ही पोरं?"

"मला काय," तो म्हणाला. "आत खुर्ची देतात. चहा, बिस्किटं. पोरगं म्हणतं, काका चला, मी चलतो."

"अहो, पण टोप्या बदलून?"

"टोप्या त्यानंच आणल्यात." मग म्हणाला, "इतकी वर्षं गेटवर आहे. गेट उघड म्हणणारे खूप. आत ये म्हणणारा हा पहिला. चोर असला म्हणून काय झालं?"

मग त्यानं मला शर्यतीचं सांगितलं. मी दुकानात येऊन मुंगीसमोर उभा राहिलो. ती चाकाच्या तारा पुसत होती.

"मला का नाही विचारलंस? मी काय मेलोय?"

ती तारा पुसत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असता, आबा."

"मग?"

"मग मला तुमचा राग आला असता."

घ्या! नऊ वर्षांच्या पोरीनं माझी तब्येत सांभाळून हॅटवर पाणी सोडलं होतं. मी हात धुतले. काळं काही निघत नाही, पण धुतले.

मोजणीच्या रविवारी वरच्या कमिटीचे दोन पाहुणे येऊन पुढच्या रांगेत बसलेले. भोंग्याचा आवाज असा चढलेला की माईकला सुट्टी दिली तरी चाललं असतं. मी दारात गेलो. आतून तोच वास आला, सतरंजीचा आणि जुन्या पुस्तकांचा. छपराकडे बघितलं. पत्रा गळत होता, एका कोपऱ्यात बादली ठेवलेली. माझ्या जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

भोंगा पोरांना एकेक करून उभं करत होता. बटाटा उभा राहिला की मागून वॉचमन उभा राहायचा, मफलर गुंडाळून. "आणखी कोणाला आणलंस, बाळ?" की वॉचमन खाली बसून पिशवीत हात घालायचा आणि चष्मा लावून पुन्हा उभा. अख्खा हॉल बघत होता. भोंगा पण बघत होता, डोळे काही फुटले नव्हते त्याचे. पण पाहुणे माना डोलवत होते, मग भोंगाही डोलवत होता. "हालेलूया! अजून एक!"

मग त्याची नजर माझ्यावर गेली. एक क्षण आवाज बसला त्याचा. ही माझ्या आयुष्यातली मोठी कमाई. पण लगेच सावरला.

"बघा, बघा! हरवलेलं मेंढरू! मुंगे, उभी राहा! तू आणलंस ना आजोबांना?"

मी मान हलवून तिला खुणावलं, हो म्हण. सगळा हॉल तिच्याकडे बघतोय. पोर उभी राहिली, फ्रॉकची कड मुठीत.

"नाही," ती म्हणाली. "ते आपले आपण आले."

"अगं, पण तुझ्यासाठीच आले असतील ना!"

"मी बोलावलं नव्हतं."

झालं. बटाट्याला हॅट मिळाली. मी तिच्या शेजारी पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाला लावून जाऊन बसलो होतो. हळूच म्हटलं, "खोटं एक बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, चष्मा लावून मीच उभा राहिलोय.

त्या आठवड्यात तिनं एकाही पंक्चरला हात लावला नाही. मी भोंग्याच्या घरी जाऊन त्याची हवा काढायच्या तयारीत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही भांडाल आणि भोगेल ती. गप्प बसा." बसलो.

पण पुढच्या रविवारी मुंगीनंच काहीतरी केलं. भोंग्याकडे मिशनऱ्यांच्या चित्रांची कार्डं होती, वर्गात तो ती पत्त्यांसारखी पिसायचा. एक कार्ड तो दर वेळी खाली सरकवायचा. त्यावर शाई सांडलेली, नाव वाचता येत नव्हतं. चित्रात एक माणूस झाडाखाली बसून कोणाचा तरी जोडा शिवतोय, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मुंगीनं ते कार्ड उचललं आणि भोंग्याच्या टेबलावर ठेवलं. मी खिडकीला कान लावून होतो. खरं सांगायचं तर मी दारातच होतो आता.

"हा?" भोंगा म्हणाला. "याचं काही विशेष नाही गं. परक्या मुलखात जाऊन वर्षानुवर्षं बसला, लोकांचं तुटकंफुटकं दुरुस्त करत. एक माणूस ऐकायला आला नाही. तिथेच मेला. यात मुलांनी शिकायचं काय?"

"मी हा होते," मुंगी म्हणाली.

भोंगा हसायला लागला. "अगं, याला वाक्यच नाही एक!"

"म्हणूनच."

भोंग्यानं डोकं खाजवलं. मला दिसलं ना, त्याच्या डोक्यात कोट फिरत होता. जंगलातून जहाजावर जाताना बटाट्याला कपडे बदलायला वेळ लागायचा आणि स्टेज रिकामं पडायचं. बटाट्याला कोटातून काढायचं म्हणजे सोपं काम नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "तेवढा वेळ तू बस तिथे. फक्त पडदा पडला की उठायचं."

म्हणजे जगाच्या इतिहासातला तो माणूस दुसऱ्याचं बटण लागेपर्यंत भोक बुजवायला. पण मुंगी घरी आली ती उड्या मारत.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. मी मधल्या रांगेत मुलीशेजारी, माझ्यापुढे वॉचमन, आज कसलीही टोपी नाही, टक्कल उघडं. बटाट्यानं हॅट घालून लोक पुजायचे ते झाड तोडलं, राजाला बाप्तिस्मा दिला, आणि समोर पुठ्ठ्याचे मुकुट घातलेली पोरं धपाधप गुडघ्यावर बसली. भोंगा बाजूला उभा राहून माईकवर: "हजारो आले! आले, आले, हजारो आले!" मी मुलीला म्हटलं, "तिकिटं विकतोय की काय?" तिनं कोपर मारलं.

मग बटाटा आत गेला आणि मुंगी आली. हॅट नाही, कोट नाही. दुकानातलं माझं घमेलं हातात, पाण्यानं भरलेलं, खांद्यावर ट्यूब. बसली. ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे शोधले, पुसली, घासली, सोल्युशन लावून फुंकर घातली. घाई नाही. जसं काही समोर कोणी नाहीच.

"आणि हा एक बिचारा," भोंगा म्हणाला, "याच्याकडे कोणी आलं नाही." त्याला पुढे काही सुचेना. आतून बटाट्याचं "बटण अडकलं!" ऐकू आलं. स्टेजवर फक्त मुंगी आणि घमेलं. बुडबुड्यांचा आवाज येत होता.

म्हटलं, पोरगी एवढी एकटी बसलीय, उठावं आणि जावं. नाटक गेलं खड्ड्यात. गुडघ्यावर हात ठेवून मी उठायला लागलो. पण माझे गुडघे म्हणजे गंजलेली साखळी. माझ्या आधी वॉचमन उठला.

चालत गेला, स्टेजच्या दोन पायऱ्या चढला, आणि मुंगीसमोर उकिडवा बसला. पायातली चप्पल काढली. चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. त्यानं ती तिच्यापुढे धरली.

भोंगा माईक विसरून ओरडला, "अहो! अहो काका! या सीनमध्ये कोणी येत नाही!"

वॉचमननं तिकडे बघितलंसुद्धा नाही. मुंगीनं चप्पल उलटीसुलटी करून बघितली. मग ट्यूबच्या टोकाची एक पट्टी कापली, तुटक्या अंगठ्यावर धरून मापली.

बटाटा हॅट घालून पडद्याशी येऊन उभा होता. भोंगा त्याला आत ढकलत होता, पण पोरगं हलेना. तोंड उघडं टाकून बघत होतं.

आणि मुंगी बोलली. त्या पोरीला नाटकात वाक्य नव्हतं, अख्खा हॉल भरलेला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"बसा, काका," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल."