विद्यापीठाच्या फीसाठी झांजा

माझी बायको झुल्मिरा त्रेचाळिसाव्या वर्षी गणिताची बाई व्हायला निघाली आणि त्यापायी आमच्या स्वयंपाकघरात झांजा आल्या.

समुद्रापारच्या तिच्या बेटावरून फॉल रिव्हर शहरात आल्यावर कितीतरी वर्षं ती तिथल्या पडद्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका दुसरीकडे शिवणाला लागल्या, ही मात्र कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसली. तिथं दोन वर्षांचं शिक्षण असतं, फी बेताची, आणि तीही सरकारी मदतीतून जवळपास भागायची. मी बेकरीची पावाची गाडी चालवतो. वाटेत तिला सोडायचो. परीक्षेच्या आधी वर्गातली पोरं तिच्याभोवती जमायची. ती आधी समीकरण समजावून द्यायची आणि मग विचारायची, "सकाळपासून काही खाल्लंयस का?" पोरं दोन्हीसाठी यायची.

पण शाळेत शिकवायचं तर पुढची दोन वर्षं विद्यापीठात काढावी लागतात. विद्यापीठानं तिला हसत हसत घेतलं. आमचंही हसू फीचा आकडा कळेपर्यंत टिकलं. सरकारची मदत, विद्यापीठाचं स्वतःचं अनुदान, सगळं वजा केलं तरी खाली एक भलंमोठं भगदाड उरत होतं. ते कर्जानं बुजवा, असं विद्यापीठाचं म्हणणं.

"कर्ज नाही," झुल्मिरा म्हणाली. "बेटावर माझ्या बापानं कर्ज काढून होडी घेतली होती. होडी बुडाली. कर्ज तरंगत राहिलं."

मग तिनं शिष्यवृत्त्यांसाठी विद्यापीठात फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"त्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी असतात," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मी पहिल्यांदाच येतेय की तुमच्याकडे."

"हो, पण तुम्ही तिसऱ्या वर्षाला येताय."

"बरं, मग तिसऱ्या वर्षाच्या मुलांना काय असतं?"

"असतं ना. पण त्यासाठी आधीची दोन वर्षं आमच्याकडे काढलेली लागतात."

तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "जिल, लग्नात एखादी पाहुणी असते बघ, नवरीकडचे म्हणतात ती नवऱ्याकडची आणि नवऱ्याकडचे म्हणतात ती नवरीकडची, आणि जेवायला कुणीच वाढत नाही. ती मी."

तेव्हा मला एर्मिनियो फुर्तादो आठवला. हा आमच्या बँड क्लबचा जुना सभासद, मासळीचं दुकान होतं त्याचं. पोरंबाळं नव्हती. मरताना त्यानं क्लबकडे पैसे ठेवले होते, बँडमधल्या शिकणाऱ्या सभासदाच्या शिक्षणासाठी. ते कित्येक वर्षं तसेच पडून होते. कारण बँडमधले म्हातारे शिकत नव्हते आणि शिकणारी पोरं बँडमध्ये फिरकत नव्हती.

क्लबचा अध्यक्ष लिबेरातो. जुन्या गाड्या विकतो, आणि कुणाशीही बोलताना तो गाडीच विकतोय असं वाटतं. त्यानं झुल्मिराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वहिनी, ही रक्कम तरुण पोरांसाठी आहे हो."

"मृत्युपत्रात वय लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पण अर्थ तोच ना!"

"मी गणित शिकतेय, सिन्योर लिबेरातो. जे लिहिलं नाही ते मी धरत नाही."

लिबेरातोनं मान खाजवली. "पण बँडमध्ये तर असायला हवं ना? ते तर लिहिलंय. हा उन्हाळाभर प्रत्येक मिरवणुकीत वाजवा, मग बघू." आणि तो खुशीत निघून गेला, कारण झुल्मिराचा सूर साऱ्या गावाला ठाऊक होता. चर्चमध्ये ती गायला लागली की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे.

बँडमास्तर सिन्योर अदेलिनो, पूर्वी न्हाव्याचं काम करायचे, भला माणूस. त्यांनी तिला आधी क्लॅरिनेट दिलं. त्यातून माझ्या गाडीच्या ब्रेकसारखा आवाज आला. ट्रंपेटमधून आवाजच आला नाही. मास्तर आत गेले आणि दोन झांजा घेऊन आले.

"पोरी, यात सूर नसतो," ते म्हणाले. "फक्त केव्हा वाजवायचं एवढंच. आणि खरं सांगू? केव्हा वाजवायचं नाही, ते जास्त."

आता तुम्हाला वाटेल झांज म्हणजे काय मोठं. पण बँडमध्ये झांजवाल्यानं सोळा मात्रा नुसतं उभं राहायचं आणि सतराव्याला एकदाच वाजवायचं. झुल्मिरा तेराव्याला वाजवायची. कधी एकोणिसाव्याला. घरी मी बटाटे सोलत तोंडानं बँड वाजवायचो, ती ओट्याशी झांजा धरून उभी राहायची. वरच्या मजल्यावरची विधवा बाई खाली येऊन म्हणाली, "तुमचं भांडण मिटलं की सांगा, मला जरा झोपायचंय."

सगळ्यांत जास्त टोमणे मारायचा बेल्मिरो. जाडजूड म्हातारा, चाळीस वर्षं ट्यूबा वाजवतोय. ट्यूबा म्हणजे ते पोटाभोवती गुंडाळून घ्यायचं अवाढव्य पितळी वाद्य.

"काय गं, गणिताची बाई होणार ना तू? आणि सोळापर्यंत मोजता येत नाही?"

"येतं की. पण तुम्ही वाजवायला लागलात की मला वाटतं बोट बंदरात आली, आणि मी आकडा विसरते."

सगळा बँड हसला. बेल्मिरो नाही हसला.

पवित्र आत्म्याच्या सणाची मोठी मिरवणूक जूनमध्ये असते. चर्चमधून निघते आणि आमच्या त्या कड्यासारख्या उतारावरून खाली क्लबपर्यंत येते. पुढे पांढऱ्या झग्यातल्या मुली, एकीच्या हातात चांदीचा मुकुट, मग फादर लोरेन्सो, आणि मागे बँड. मी कडेनं चालत होतो आणि मनात मात्रा मोजत होतो. अर्ध्या उतारावर आलो, झुल्मिरानं हात उचलले, आणि डाव्या झांजेची कातडी वादी तुटली.

झांज आडवी पडली असती तर काही नव्हतं. ती काठावर पडली आणि चाकासारखी उभी धावत सुटली. पुढचा ट्रॉम्बोनवाला टुणकन उडाला आणि बँड थबकला. ती फादर लोरेन्सोंकडे गेली. त्यांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलून तिला खालून जाऊ दिलं आणि वरून आशीर्वादही दिला. मुली किंचाळत दोन्ही बाजूंना पांगल्या, मुकुट वाकडा झाला. म्हाताऱ्या बायका छातीवर क्रूस काढत होत्या. मी मागे धावलो, पण पितळ माझ्यापेक्षा वेगात होतं.

उताराच्या तळाशी क्लबच्या दारात लिबेरातोनं आपली नवीकोरी गाडी मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी लावून ठेवली होती.

टण्ण!

मास्तरांनी त्याच क्षणी हात खाली आणला आणि अख्खा बँड एका दमात सुरू झाला. नंतर बेल्मिरो कपाळ पुसत म्हणाला, "उन्हाळ्यात पहिल्यांदाच झांज वेळेवर वाजली."

क्लबात सूप वाढलं जात होतं. पावाच्या तुकड्यांवर गोमांसाचा वाफाळता रस्सा आणि वर पुदिना. पण लिबेरातो जेवेना. "हिला एक दमडी मिळणार नाही!" तो हातवारे करून सांगत होता. "दाराला केवढा पोचा पडलाय!"

"मृत्युपत्रात बँडमध्ये असावं असं लिहिलंय," मास्तर अदेलिनो पुदिना बाजूला सारत शांतपणे म्हणाले. "बरं वाजवावं असं कुठं लिहिलंय? तसं असतं तर आपल्यातल्या कितीजणांनी घरी बसायचं, सांग?"

लिबेरातोनं सुपाची वाटी पुढे ओढली. पोचा माझ्या मेव्हण्यानं त्याच्या गॅरेजात फुकट काढून दिला. उन्हाळाभर उरलेल्या सगळ्या मिरवणुका झुल्मिरानं दुहेरी वाद्या बांधून पार पाडल्या. ऑगस्टमध्ये क्लबनं पैसे मंजूर केले. त्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात गरगर फिरवलं. माझ्या हातात सोललेला कांदा होता, तो तसाच.

झुल्मिरा प्रामाणिक. तिनं लगेच विद्यापीठाला कळवलं की आम्हाला एवढी शिष्यवृत्ती मिळाली. विद्यापीठानं तिचं अभिनंदन केलं आणि स्वतःच्या अनुदानातून बरोबर तेवढीच रक्कम कापून टाकली.

भगदाड जिथल्या तिथं.

तिचा असा चेहरा मी कारखाना बंद झाला तेव्हाही पाहिला नव्हता. "म्हणजे मी उन्हाळाभर विद्यापीठासाठी झांजा वाजवल्या?" ती म्हणाली. "मग मिरवणुकीत त्यांनाच उभं करायचं होतं!"

आम्ही पावाच्या गाडीतूनच तिकडे गेलो. मदतीच्या कचेरीत मिसेस पेल्टिए म्हणून एक वयस्क बाई होत्या. चष्मा दोरीला, टेबलावर निवडुंगाची कुंडी. झुल्मिरानं त्यांना सगळी हकीकत सांगितली, झांज घरंगळली तिथपर्यंत. बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

"नियम आहे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बाहेरून मदत मिळाली की आमची कमी होते. मला त्यात काही करता येत नाही."

"मग मी ती घेऊच नको?"

"असं मी म्हटलं नाही." बाईंनी कुंडी उगाच इकडची तिकडे केली. "आम्ही बाहेरची शिष्यवृत्ती लगेच मोजतो. मेहनतीचा पगार मात्र आम्ही दोन वर्षं मागचा बघतो. म्हणजे कुणी आज काही कमावलं, तर ते आमच्या हिशेबात येतं दोन वर्षांनी."

"दोन वर्षांनी तर मी पास होऊन गेलेली असेन."

"असं का?" मिसेस पेल्टिए म्हणाल्या. "मला आता कॉफी आणायला जायचंय."

आम्ही येऊन गाडीत बसलो. मग दोघंही एकदमच बोलायला लागलो.

क्लबची सभा बोलावली. झुल्मिरानं उभं राहून सांगितलं, "मला शिष्यवृत्ती नको. नोकरी द्या."

"कसली नोकरी?" लिबेरातोनं विचारलं.

"बँडमधली," मी उत्साहानं बोललो. तिथंच चुकलो.

बेल्मिरो उठला. त्याची खुर्ची मागे पडली. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी हे धूड पोटावर घेऊन हा उतार उतरतोय, फुकट! माझी कंबर गेली, दोन दात गेले! आणि पगार झांजेला?"

"बरोबर आहे!" ढोलवाला ओरडला. क्लॅरिनेटवाल्या बहिणी एकमेकींकडे बघून ओरडल्या. कुणीतरी म्हणालं, पगार द्यायचाच तर तिला न वाजवण्याचा द्या, त्यासाठी मी खिशातून भर घालीन. मास्तर टेबल बडवत होते, पण तालात बडवत असल्यामुळे कुणी लक्ष देईना.

झुल्मिरा सगळं शांत होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "सिन्योर बेल्मिरो खरं बोलताहेत. वाजवण्याचा पैसा मी घेणार नाही. वाजवीन तुमच्यासारखीच, फुकट. पण मला एक सांगा, बँडमध्ये पोरं का येत नाहीत?"

"त्यांचे आईबाप पाठवत नाहीत," मास्तर म्हणाले. "म्हणतात, शनिवारी गणिताच्या शिकवणीला जायचं असतं."

"मग शिकवणी इथंच घेते. आधी तासभर गणित, मग तासभर बँड. एर्मिनियोचे पैसे मला शिकवण्याच्या पगारात द्या. मी बँडमध्ये आहे, मी शिकतेय, पैसे माझ्या फीलाच जाणार. कुठं काही मोडतंय?"

लिबेरातोनं बराच विचार केला. त्याला दोन मुलगे होते आणि दोघेही गणितात नापास. हे सगळ्यांना माहीत होतं.

"या वेळी गिऱ्हाईक म्हणून सांगतो," तो शेवटी म्हणाला, "सौदा वाईट नाही."

बेल्मिरोनं खुर्ची उचलून सरळ केली. "शिकवते की नाही ते मी दर शनिवारी येऊन बघणार," त्यानं बजावलं. आणि आला खरंच. हाताची घडी घालून मागे बसायचा आणि पोरं कुजबुजली की ट्यूबामधून एकच सूर काढायचा. वर्ग एकदम चिडीचूप.

त्यातूनच तिची दोन्ही वर्षं निघाली, कर्ज न काढता. आता ती आठवीला शिकवते. पण मला लख्ख आठवतो तो विद्यापीठाचा पहिला दिवस. माझी पावाची गाडी मी मोठ्या दारातून आत घातली. झुल्मिरा शेजारी, मांडीवर दप्तर, केस दोनदा विंचरलेले. पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"ए, पाव मागच्या दाराला उतरवायचा!"

"पाव नाहीये," मी म्हणालो. "विद्यार्थिनी आहे."

त्यानं वाकून आत पाहिलं, टोपीला हात लावला आणि फाटकाचा दांडा वर केला.