नऊ नंबरची तयारी

ओवायची आकडी तारेच्या डोळ्यातून आत गेली, पलीकडे लोंबणारा करडा धागा टोकात अडकवून परत आली, आणि आठशे पासष्ट झाले... डोळा तरी केवढा, मसुराच्या दाण्याएवढा, आणि असे अकराशे चाळीस डोळे मागाच्या चार चौकटींवर ओळीने उभे. पहिला धागा पहिल्या चौकटीच्या डोळ्यात, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या, की परत पहिल्यापासून. यात अक्कल लागत नाही, लागतं ते फक्त बसून राहणं. आणि नेमकं तेवढंच तिला बावन्न वर्षांत कधी जमलं नव्हतं — कुणी हाक मारली की उठायचं, आणि नाही मारली तर मारली असेल असं वाटून उठायचं.

आज मात्र चारच्या आत दोनशे शहात्तर ओवायचे होते. सकाळी चहा पिता पिता नवऱ्याने पेपरातून डोकं न काढता सांगितलं होतं, की लेक रविवारी येतेय, परीक्षेपर्यंत इथेच राहणार, सहा महिने तरी धर, तिला आतली खोली लागेल, तेव्हा त्या तुझ्या मागाचं काहीतरी बघायला हवं. बघायला हवं म्हणजे त्याने बघून टाकलेलंच होतं. सुतार चारला येणार होता, माग खोलून लाकडं माळ्यावर चढवणार होता. “तिच्या तयारीचा प्रश्न आहे,” नवरा म्हणाला. आणि ती, जिला आज आठवड्याची सुट्टी होती, जी कालपासून या सुट्टीवर डोळा ठेवून होती, ती काय म्हणाली? ती म्हणाली, “बरं.” वर विचारलं, अजून चहा घालू का.

मग कप विसळताना तिने डोक्यात हिशेब मांडला. सगळे धागे ओवून झाले आणि पुढून गाठी मारल्या, तर चौकटी धाग्यांसकट चादरीत गुंडाळून उचलता येतात. एकही धागा निसटत नाही, पुढेमागे कधी काढल्या तर जिथे थांबलो तिथून विणायला बसता येतं. पण अर्धे ओवलेले आणि अर्धे लोंबते राहिले, तर त्यांचा असा गुंता होतो की कात्रीशिवाय इलाज नाही, आणि तीन महिन्यांचं ओवणं, त्याआधीची चार वर्षं, सगळं केराच्या डब्यात. म्हणून चारच्या आत. शहाणी बाई! कुणाला न दुखवता आपलं वाचवायचं, ही विद्या तिच्याइतकी कुणाला येत असेल?

चार वर्षं म्हणजे खरोखर चार वर्षं. पडद्यांच्या कापडाच्या दुकानात ती सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडत आली होती, आणि सव्वीस वर्षं समोर काचेबाहेर गोदामाची एक भिंत होती, बिनखिडक्यांची, गिलावा उडालेली. लोकांना ती भिंत दिसायचीसुद्धा नाही. तिला तिच्यात सकाळचा करडा वेगळा दिसायचा, दुपारचा वेगळा, ओल चढलेला वेगळा, आणि ती सगळी भिंत एका कापडात, माणसाच्या उंचीच्या दीडपट, विणायची असं तिने ठरवलं — मनात. मग सूत रंगवून पाहिलं, एकेचाळीस करडे पुठ्ठ्यांवर गुंडाळले, बंद पडलेल्या विणकाम शिकवणी केंद्रातून जुना माग आणला, आणि तिथे घोडं अडलं. रंग अजून दोन करून पाहू. भिंत पावसानंतर परत एकदा बघू. लेकीचं कॉलेज संपू दे. सासूबाईंचं आजारपण निघू दे. तयारी चालू आहे, असं विचारणाऱ्यांना ती सांगायची, आणि वर्षभराने तर विचारणारेही उरले नाहीत.

अशात दुकानाच्या मालकाने एक बाई आणली, गिऱ्हाईक ओळखायला शिकवणारी. एनिआग्राम असं त्या प्रकाराचं नाव. तिने फळ्यावर एक वर्तुळ काढलं, त्यावर नऊ ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वभाव, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या आडव्यातिडव्या रेघा. एक नंबरला चुका खुपतात, दोन नंबरला कुणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं, तीनला जिंकायचं असतं, असं करत करत शिकवणारी नऊवर आली. नऊ नंबरला शांतता हवी असते, ती म्हणाली; सगळ्यांच्या हो ला हो करता करता हा माणूस आपल्याला काय हवं होतं तेच विसरतो, आणि स्वतःचं काम सोडून बाकी सगळ्यांची कामं करतो. कारकून हसले, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पण हसली. नंतर ठाणांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडली, कारण इतक्या वर्षांत कुणीतरी आपल्याला नावानिशी पकडलं होतं, आणि पकडलं जाण्यात इतका आराम असतो हे तिला माहीत नव्हतं.

त्या नऊच्या पानाची झेरॉक्स तिने मागाच्या खांबाला चिकटवली. पान कामाचं होतं, उगाच नावं का ठेवा. त्यात लिहिलं होतं, की नऊ नंबरचा माणूस कामाच्या तयारीतच झोपी जातो, म्हणून त्याने तीनकडून बळ घ्यावं: मोठं काम बघू नये, रोजचा छोटा आकडा ठरवावा, तो गाठावा, कुणाला तरी सांगावा. आणि मधेच उठलात तर कुणासाठी उठलात ते लिहून ठेवा. तिने तसं केलं. रोज बारा धागे. जिथे उठली तिथे धाग्याला लाल सुताचा तुकडा, आणि वहीत नोंद: दार. फोन. ह्यांचा चष्मा. इस्त्री कुठे आहे. मीच. मीच. फोन. चार वर्षांत जो माग हलला नाही तो तीन महिन्यांत आठशे चौसष्टपर्यंत आला, हे त्या पानामुळेच, हे ती आजही नाकारणार नाही.

चुकलं ते एवढंच, की आकडा कुणाला तरी सांगायचा म्हणून तिने तो घरात सांगितला. नवऱ्याने खांबावरचं पान वाचलं, मोठ्याने वाचलं, आणि त्या दिवसापासून ती नऊ नंबर झाली. नऊ नंबर, चहा टाक. हिला काहीही चालतं हो, ही नऊ नंबर. आधी निदान दर वेळी तिला विचारून तिच्याकडून हो घ्यावं लागायचं. आता विचारायचीही गरज उरली नाही, छापील कागदच होता. स्वतःच्या हाताने आपण आपल्या गळ्यात पाटी अडकवून घेतली, असं तिला कितीदा वाटलं होतं, आणि वाटून ती गप्प बसली होती.

नऊशे तीस. साडेबाराच्या सुमाराला लेकीचा फोन आला. तिने आकडी तोंडात धरली, लाल तुकडा बांधला, उठली.

लेक गोड बोलत होती. खोलीला पडदा जाड लाव, उजेडाने झोपमोड होते, टेबल खिडकीपाशी, बाबा म्हणाले माग काढताय. मग म्हणाली, “तुला वाईट नाही ना वाटणार, आई?”

प्रश्न असा, की त्यातच उत्तर भरून पाठवलेलं. ती म्हणाली, “छे गं.”

“मला माहीतच होतं. तू नऊ ना, तुझं बरं आहे, तुला कशाचं काही वाटत नाही. मी पडले तीन. मला मिळालं नाही की मी मरते.”

पोरगी हसली. हीसुद्धा हसली, फोन ठेवला, आणि परत बसताना गुडघा खांबावर आपटला... तीनकडून बळ घ्यावं म्हणे. घ्या! तीन स्वतःच येतेय रविवारी, जाड पडदा मागत. पण लगेच तिचं तिलाच वाटलं, असं काय बोलतो आपण, पोटची पोर, दोनदा नापास झालेली, वाळून काटकी झालीय. तिने मान खाली घातली आणि हात चालवले, पूर्वी कधी चालले नव्हते इतके भराभर. पाठीला रग लागली, जेवायला ती उठली नाही, नवऱ्याने आपलं आपण वाढून घेतल्याचा आवाज आला, वाट्यांचा जरा जास्तच आवाज. नऊशे साठ. नऊशे ऐंशी. वेळेत होत होतं, आणि वेळेत होतंय याचा तिला चक्क आनंद व्हायला लागला होता.

एक हजार.

हजारावर ती थांबली, एवढ्या गोल आकड्यावर कोण थांबणार नाही. आणि थांबली म्हणून दिसलं. हजाराला चाराने भाग जातो, म्हणजे हजारावा धागा चौथ्या चौकटीत हवा. तो दुसऱ्या चौकटीत होता. तिने परत पाहिलं. मग उलटं मोजत निघाली, बोटाच्या नखाने एकेक धागा बाजूला सारत, आणि सातशे दोनपाशी येऊन थबकली. तिथे लाल तुकडा होता. सातशे दोन दुसऱ्या चौकटीत, बरोबर. सातशे तीन तिसऱ्या चौकटीत जायला हवा होता, तो उठून परत आल्यावर तिने पहिल्या चौकटीत घातला होता, आणि त्यापुढचे सगळे, जवळजवळ तीनशे, दोन घरं सरकलेले. तिने वही काढली. सातशे दोनपुढे लिहिलं होतं: लेकीचा फोन. निकाल. त्या दिवशी तासभर पोरगी फोनवर रडली होती, आणि हिनेच म्हटलं होतं, परत बस तू, घरी ये, मी आहे ना.

कापड विणलं तर तिथे वरून खालपर्यंत एक उभी रेघ येणार, आंधळ्यालाही दिसेल अशी. रेघ नको असेल तर सातशे तीनपासून सगळे उपसून परत ओवायचे. दोन वाजत आले होते. ती मनाशी म्हणाली, जाऊ दे, बांधूनच तर ठेवायचंय — आणि आकडी उचलून तिने एक हजार एकावा धागा ओवलासुद्धा.

एक हजार दोनला हात थांबला.

बांधूनच तर ठेवायचंय. कोण बोललं हे? मीच. म्हणजे मला माहीत आहे. सकाळपासून, कप विसळल्यापासून मला माहीत आहे, की या चौकटी माळ्यावर गेल्या की परत खाली येत नाहीत. लेक सहा महिन्यांनी जाईल, मग कुणी दुसरं येईल, मग माझा गुडघा शिडी चढणार नाही. मी विणायची तयारी करतच नाहीये. मी आवरायची तयारी करतेय. सुताराला सोपं जावं, कुणाच्या पायात येऊ नये, नवऱ्याला म्हणता यावं, बघ किती व्यवस्थित काढलंस... मढ्याला अंघोळ घालावी तसं चाललंय हे, आणि वर आनंद होतोय मला, वेळेत होतंय म्हणून. रोजचा आकडा ठरवा, आकडा गाठा. त्या पानाने मला चिकाटी दिली, खरंच दिली, आणि ती चिकाटी मी बरोब्बर कुठे नेऊन लावली!

खिडकी उघडून ती थोडा वेळ उभी राहिली, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, मागेपुढे, मागेपुढे. मग परत येऊन बसली आणि सातशे तीन नंबरचा धागा डोळ्यातून उपसून काढला. सातशे चार. सातशे पाच. ओवायला तीन महिने लागतात, उपसायला काय लागतं? मूठभर धरून ओढले तर सरसर निघत होते, बारीक आवाज करत, आणि मागच्या बाजूला सैल लोंबायला लागत होते. उजव्या बाजूच्या तारा रिकाम्या होत गेल्या. तिला कळत होतं, की माग खोलायला याहून वाईट अवस्था नाही. या घडीला कुणी हात लावला तर सगळंच गेलं. कळत होतं म्हणून तर ती उपसत होती. तीन वाजता सगळे मोकळे झाले. ती पाणी प्यायली, कंगव्याने तिने ते लोंबते धागे सारखे केले, आणि परत ओवायला घेतलं, सातशे तीन, तिसरी चौकट.

सातशे एकतीसवर दाराची बेल वाजली. सुताराच्या चपला, हत्यारांची पिशवी फरशीवर टेकली त्याचा आवाज, नवऱ्याचं या या. मग दारातून नवऱ्याचं डोकं आत.

“अगं, झालं का? हे आलेत.”

“नाही झालं.”

नवऱ्याने लोंबत्या धाग्यांकडे पाहिलं, त्याला त्यात काही कळलं नाही. किती वेळ लागेल, त्याने विचारलं. तिने सातशे बत्तीस ओवला. तो बाहेर गेला, आणि हलक्या आवाजात, हसत, सुताराला सांगताना तिला ऐकू आला: बसा हो दहा मिनिटं, तिचं आपलं सावकाश असतं, पण ती काही अडवायची नाही.

ती थांबली. वाट पाहू लागली, की आता नेहमीसारखं पोटात काहीतरी विरघळेल, माणूस बिचारा ताटकळलाय असं वाटेल, आणि पाय आपोआप उठतील. पाय उठले नाहीत. त्यांच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं, गरम, सरळ, अजिबात घाई नसलेलं. तिला आधी वाटलं हे नवऱ्यासाठी आहे, मग वाटलं सुतारासाठी, पण त्या दोघांना ओलांडून ते पुढे गेलं, फोनवर रडणाऱ्या पोरीपर्यंत, तिच्या वाळलेल्या मनगटापर्यंत, आणि तिथे जाऊन शब्दांत उभं राहिलं. या खेपेलाही नापास होऊ दे तिला.

ती दचकली. आता लाज वाटेल म्हणून डोळे मिटून बसून राहिली. बाहेर सुतार खोकला, नवऱ्याने त्याला पाणी विचारलं. लाज आली नाही. तिने तो विचार आणखी एकदा, सावकाश, शब्दाला शब्द लावून मनात म्हणून पाहिला, आणि तो तसाच्या तसा खरा निघाला.