घेवड्याची फी

विष्णुपंतांनी चपला पायरीखाली जुळवून ठेवल्या, खिशातला कागद पुन्हा चाचपला आणि मग ओसरीवर चढले. मुलांचा पट असाच घसरला तर गावची शाळा बंद होणार, म्हणून मुख्याध्यापिका मयूरीबाईंनी या निवृत्त गुरुजींना पाठवलं होतं. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. विष्णुपंतांना तसं कधीच वाटलं नव्हतं.

रंगूबाई घेवड्याचे दाणे निवडत होत्या. गावातच दिलेली ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिची नात शिवांजली यंदा पहिलीला. पण फौजेतून परतलेल्या त्यांच्या मुलानं, वीरधवलनं, लेकीसाठी कोरेगावची इंग्रजी शाळा ठरवली होती.

पूर्वी सरकारी शाळांची फी माफ झाल्यावर वर्ग कसे भरत गेले, हे विष्णुपंतांनी पुस्तकं धुंडाळून उतरवून आणलं होतं. दोन ओळी वाचून होताहेत तोच वीरधवलनं हात जोडले.

"गुरुजी, फुकट हाय म्हणूनच मन घेत न्हाई. पैसं भरलं की जाब तरी इचारता येतो."

कागदात यावर काही नव्हतं. विष्णुपंतांनी त्याची घडी घातली.

रंगूबाई हसल्या.

"आजाच्या वळणावर गेलाय. फी माफ झाली आन् आमच्या आबांनी मला घरी बसवली. सुभेदाराची लेक फुकटचं शिकणार न्हाई म्हनले."

तेव्हा नवखे गुरुजी असेच चाचरत दारात आले होते. समजूत काही घालता येईना, म्हणून शेवटी त्यांनी फी मागितली होती. दर सोमवारी शेरभर घेवडा. त्याची उसळ सगळा वर्ग खायचा, आणि पोरीचा पाढा चुकला की सुभेदार गुरुजींना जाब विचारायला हजर.

"लय भ्या वाटायचं तुमास्नी त्यांचं," रंगूबाई म्हणाल्या.

"अजून वाटतं," विष्णुपंत म्हणाले.

वीरधवल घेवड्यातले खडे वेचत राहिला. व्हॅन सांगून ठेवलीय, एवढंच बोलला.

शाळा उघडली त्या सोमवारी विष्णुपंत व्हरांड्यात बसून होते. कोरेगावची व्हॅन फाटकावरून पुढं निघून गेली. मागून मोटारसायकल येऊन थांबली. वीरधवलनं शिवांजलीला उतरवलं, हँडलची पिशवी काढून पुढं केली.

विष्णुपंतांनी ती हातात तोलून पाहिली. घसा खाकरला.

"शेराला कमी आहे."

इतक्या करड्या आवाजात ते जन्मात कोणाशी बोलले नव्हते.

वीरधवल टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"पुढच्या सोमवारी भरून काढतो, गुरुजी."