प्रश्न क्रमांक एकोणीस

"ताई, तो फॉर्म तुम्हीच भरून टाका हो. नेहमीसारखा. मी सही-शिक्का करून कोराच पाठवलाय."

"अहो, पण आत चाळीस प्रश्न आहेत."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय!" पलीकडचा माणूस हसला आणि फोन बंद झाला.

सकाळपासूनचा हा नववा फोन होता. टिपणताईंनी वहीत नोंद केली, चष्मा पुसला आणि पुढचा फॉर्म ओढला. तंत्रज्ञान उद्योजकांच्या विभागीय संघटनेत त्या बावीस वर्षं नोकरीला होत्या. सभा कोणतीही असो, कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची ती त्यांनीच, म्हणून टिपणताई. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. सभासदांची व्याख्यानं ठरवणं, मेळाव्याचे बिल्ले करणं, महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी कुणाच्या तरी कारखान्याला सगळ्यांना घेऊन जाणं आणि तिथे फोटो काढणं, हे सगळं त्यांच्याकडे. सरकारला जाणारी निवेदनंही त्याच लिहीत. 'आम्ही नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं की घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहितानाही हात तिकडेच वळायचा.

गेली तीन वर्षं संघटनेची एकच मागणी होती. कारखान्याची सुरक्षा तपासायला दरवर्षी सरकारी निरीक्षक येतो, ते बंद करावं. मालकाने स्वतः भरून दिलेलं घोषणापत्र पुरेसं मानावं. निरीक्षक म्हणजे एक वाळका, किरकिऱ्या माणूस. भर दुपारीसुद्धा हातात टॉर्च घेऊन तो कपाटामागे, जिन्याखाली उजेड पाडत फिरायचा. सभासद त्याला टॉर्चवाले म्हणत आणि त्याच्या नकला करत. शेवटी खात्याने मान डोलावली, पण एक अट घातली: बासष्टच्या बासष्ट सभासदांची घोषणापत्रं एकत्र हवीत, एकही कमी चालणार नाही. आणि ती हाताने भरलेली हवीत. संगणकावर पोट असलेल्या लोकांची ही संघटना, तरी तिची भिस्त होती एका बाईच्या निळ्या शाईच्या पेनावर.

एका म्हाताऱ्या इंजिनिअरने मात्र आपला फॉर्म स्वतः, कारखाना फिरून फिरून, दोन दिवस लावून भरला होता. ताईंनी तोच समोर ठेवला होता आणि त्यावरून बाकीचे उतरवून काढत होत्या. प्रश्न क्रमांक एकोणीस: मागील दार आतून, किल्लीशिवाय, तत्काळ उघडते काय? म्हाताऱ्याने लिहिलं होतं, होय. ताई लिहीत गेल्या. होय. होय. होय. संध्याकाळपर्यंत एकसष्ट वेळा लिहून झालं, तेव्हा बोट दुखत होतं आणि काम संपल्याचं समाधानही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लेकीचा डबा भरत होत्या. लेक तेवीस वर्षांची, एकुलती एक. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. आठ महिन्यांपूर्वी ताईंनी अध्यक्षांकडे शब्द टाकला आणि एका सभासदाच्या बॅटरीच्या कारखान्यात ती लागली. ताईंनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

"काल तुमच्या कारखान्याचाही फॉर्म भरला," त्या सहज म्हणाल्या. "बसतेस कुठे गं तू? खिडकीपाशी?"

"खिडकी कुठली आलीय! मागच्या दाराशी. आम्ही बाराजणी तिथेच."

"बरंय. दार उघडलं की वारा येत असेल."

लेक हसली. "आई, त्याला साखळी असते. कुलूप घातलेली. माल चोरीला जातो म्हणे. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये."

ताईंच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "आणि पुढचं दार?"

"लांब आहे. मध्ये चार्जिंगची रॅक. खराब सेल फुगतात ना, तेही तिथेच पिंपात टाकतात. परवा एकातून धूर आला. एकीने वाळू टाकली वर. चल, बस जाईल माझी."

ती गेली. साखळी असलेल्या दारापुढे आपण आपल्या अक्षरात 'होय' लिहिलंय, आणि त्या दाराशी आपलीच पोर बसते, एवढंच त्यांना बसमध्ये दिसत होतं. नेहमीचा थांबाही चुकला.

अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. कुणी आजारी पडलं तर पहिल्यांदा भेटायला तेच जायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताईंसमोरच कारखान्याच्या मालकाला फोन लावला.

"अहो, ती मागची साखळी काढून टाका बरं. हो, हो. आमच्या ताईंची मुलगी आहे तिथे." फोन ठेवून ते म्हणाले, "काढतोय. झालं समाधान?"

"साहेब, तेवढा फॉर्म मागे ठेवू या का? साखळी काढल्याचं बघितलं की पाठवू."

"आज शेवटचा दिवस आहे, ताई. एक कमी पडला तर तीन वर्षं पाण्यात. एका दारासाठी एकसष्ट जणांना अडवायचं?"

"आणि बाकीच्यांचीही दारं मी कुठे बघितलीत?"

"बावीस वर्षांत काही झालंय का?" अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले. "संघटनेचा शिक्का मारा. हवं तर या महिन्याची भेट त्याच कारखान्यात ठेवू. तुम्हीच बघा डोळ्यांनी."

ताईंनी शिक्का मारला. आपण तेव्हा उठून बाहेर जायला हवं होतं, हे त्यांना पुढे अनेकदा वाटलं. पण बावीस वर्षं माणूस ज्या खुर्चीत बसतो, ती खुर्चीही त्याला धरून ठेवते.

तिसऱ्या शुक्रवारी पंचवीस सभासद त्या कारखान्यात जमले. चहा झाला, स्वागत झालं, मालकाने पडद्यावर आकृत्या दाखवल्या. एरवी अशा भेटी बैठकीच्या खोलीत सुरू होऊन तिथेच संपत. ताई आज उभ्या राहिल्या. "मागचं दार बघायचं होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"अवश्य!" मालक म्हणाला.

दार हिरव्या रंगाने चकाकत होतं. वर नवी पाटी: बाहेर जाण्याचा मार्ग. साखळीचं नाव नव्हतं. पिंपही दिसत नव्हतं. ताईंनी आडव्या दांड्यावर हात ठेवून ढकललं आणि मागच्या गल्लीतलं ऊन त्यांच्या पायांवर पडलं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. टेबलाशी बसलेली लेक मान खाली घालून काम करत होती. आईकडे बघून ती हसली नाही. साहेब समोर आहेत म्हणून असेल, असं ताईंना वाटलं. त्यांनी दाराचे तीन फोटो काढले.

महिनाभरात मागणी मान्य झाली. मेळाव्यात अध्यक्षांना शाल मिळाली आणि ताईंना घड्याळ. टॉर्चवाल्यांचा फोन आला. "अभिनंदन, बाई. आता आम्ही येत नाही. तुमचं तुम्हीच बघा." ते चिडलेले असतील अशी ताईंची अपेक्षा होती, पण आवाज नुसता थकलेला होता.

संघटनेचं वार्तापत्र छापून आलं, त्या संध्याकाळी ताईंनी ते लेकीपुढे धरलं. मधल्या पानावर हिरवं दार होतं.

"छान आलंय," लेक म्हणाली. "साखळी नसली की किती वेगळं दिसतं."

"नसली की म्हणजे?"

"तुम्ही गेलात, दुसऱ्या दिवशी परत लावली. पिंपही आलं. आता दोन आहेत."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

लेकीने आश्चर्याने पाहिलं. "तू तर फोटो काढत होतीस, आई. मला वाटलं तुला ठाऊक आहे. असंच करतात."

या वाक्याने ताई खचल्या. कुणी तोंडावर खोटारडी म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या. पोरीने तसं काहीच म्हटलं नव्हतं; आईला सगळं माहीत असून ती हसतमुखाने उभी राहते, हे तिने केव्हाच गृहीत धरलं होतं.

"उद्यापासून जाऊ नकोस तू."

"आणि बाकीच्या अकराजणी?" लेक म्हणाली. "त्यांची आई नाही संघटनेत."

सकाळी लेक कामावर गेली आणि ताईंनी संघटनेच्या कचेरीतून टॉर्चवाल्यांना फोन केला. त्यांनी कारखान्याचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "मला आता गेटच्या आत जाता येत नाही, बाई. तुमच्याच पत्राने ते बंद झालं. नेमकी लेखी तक्रार आली तरच. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव लागतं."

ताईंनी कागद ओढला. पहिला शब्द सवयीने 'आम्ही' पडला. तो खोडून त्यांनी 'मी' लिहिलं. पुढचं सोपं गेलं. एकसष्ट घोषणापत्रं मी भरली. एकाही कारखान्याचं मागचं दार मी पाहिलेलं नव्हतं. पुढे त्या कारखान्याचा पत्ता, साखळी, दोन पिंपं आणि बाराजणी.

ताईंनी पुढे ठेवलेलं पत्र अध्यक्षांनी वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "हे गेलं तर एकसष्ट सभासद खोटे ठरतील, ताई."

"ते कशाला ठरतील? अक्षर माझं आहे, साहेब."

"तुम्हाला इथे ठेवता येणार नाही मग."

"माहितीये." त्यांनी टेबलाच्या खणातून आपला पेला, सुईदोरा आणि जास्तीचा चष्मा काढून पिशवीत भरला. घड्याळ तिथेच राहू दिलं.

सरकारी कचेरीत आवक खिडकीवरच्या कारकुनाने पत्रावर शिक्का मारला आणि पोच दिली. "पंधरा दिवसांत बघतील," तो म्हणाला.

"पंधरा दिवस?"

"नियम आहे. मध्ये दोन सुट्ट्याही आहेत."

ताई तिथून कारखान्यावर गेल्या. गेटवरच्या रखवालदाराला आतून फोन आलेला असावा. भेटीच्या दिवशी नमस्कार करणाऱ्या त्या माणसाने आज नुसता हात आडवा केला. त्या वळसा घालून मागच्या गल्लीत शिरल्या. तिथे कुणी नव्हतं. हिरवं दार उन्हात तापलं होतं. बाहेरच्या मुठीला धरून त्यांनी ओढलं. दार बोटभर हललं आणि आत साखळी खळखळली.

त्या बोटभर फटीतून गोडसर, जळकट वास आला. अगदी पुसट. तो आजचा आहे की नेहमीचाच, हे त्यांना कळेना. त्यांनी दारावर दोनदा टकटक केलं.

थोड्या वेळाने आतूनही दोनदा टकटक आली.

ताई पायरीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि पाठ दाराला टेकवली. दार ऊन होतं, पण ते उन्हानेच असणार. पाळी सुटायला चार तास होते. दर थोड्या वेळाने त्या हात मागे नेऊन दोनदा वाजवायच्या आणि आतून उत्तर येईपर्यंत श्वास धरून ठेवायच्या.