कॉफीची शिट्टी

मंद्रूपची दिपाली सोलापुरात सून म्हणून आली. पहिल्यांदाच वाफेच्या जोरावर कॉफी वरच्या भांड्यात चढवणारा मोका पॉट गॅसवर ठेवला आणि कुकरसारखी शिट्टीची वाट बघत बसली. कॉफी जळून कोळसा झाली. मेली नणंद सृष्टी तो किस्सा अख्ख्या भावकीत तोंडानं शिट्टी वाजवून सांगत सुटली. दिपाली ते विसरली नाही.

आज सृष्टीला बघायला पाहुणे आलेले. कॉफी मीच करणार, म्हणून ती तोऱ्यात ओट्याशी उभी राहिली. पॉटच्या सांध्यातून नुसती वाफ फुसफुसली. कॉफी काही वर चढेना.

"वहिनी, काय झालंय ह्याला?" सृष्टी रडकुंडीला आली.

पॉटची रबरी रिंग दिपालीनं सकाळीच काढून बांगड्यांमागं सरकवली होती. हात पदराआड घेत ती गोड आवाजात म्हणाली, "थांबा की वन्सं! अजून शिट्टी कुटं झालीया?"