आपणहून

खारू बेचाळीस वर्षांची होती. या वयाच्या बाईला खारू म्हणू नये, हे कुणालाही कळतं. पण ती नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिच्यावर मुलांसाठी कादंबरी लिहिली, आणि ती इतकी खपली की पोरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यातच राहिलं. घसा दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेली, तरी डॉक्टरीणबाई आधी विचारायच्या, "तुम्हीच ना त्या, बॅग खाली ठेवणाऱ्या?" आणि मग घसा बघायच्या.

कादंबरीचा शेवट लोकांना पाठ होता. आई घर सोडून दूरच्या शहरात निघते, लेकीला बरोबर चल म्हणते, खारू बॅग घेऊन दारापर्यंत जाते, आणि मग ती दोन वाक्यं येतात: "खारूने आपणहून बॅग खाली ठेवली. बाबांना सोडून तिला कुठेच जायचं नव्हतं." यावर वाचकांच्या दोन पिढ्या रडल्या होत्या. खारूनेही ती इतक्यांदा ऐकली होती की तसंच घडलं असणार, याबद्दल तिला शंका उरली नव्हती. आई परत आली नाही. बाबांचं जेवणखाण, बाबांची औषधं, वाचकांच्या पत्रांना उत्तरं, सगळं खारूच्या गळ्यात पडलं. कुरकुर तरी कुठल्या तोंडाने करणार? आपणहून थांबलेल्या माणसाला तीही सोय नसते.

त्यात कादंबरीचं नाटक निघालं. बाबांनी दोन अटी घातल्या. नाटक खारूनेच लिहायचं, आणि कुठे काना-मात्रा बदलायची नाही. आता कादंबरीत लेखक मध्येच येऊन सांगू शकतो, की खारूला असं वाटलं, खारूला तसं वाटलं. रंगमंचावर ते सांगायला कोण येणार? तिथे माणसाने बोलायला तरी हवं, नाहीतर करून दाखवायला तरी. हे बाबांच्या गळी उतरेना. खारू पान लिहायची, बाबा ते कादंबरीशी ताडून बघायचे आणि लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. खूण नाही झाली, की ये रे माझ्या मागल्या. शेवटचा प्रवेश सहा वेळा परत आला होता.

"यात ‘आपणहून’ कुठे गेलं?" बाबा विचारायचे.

"ते दिसेल ना, बाबा. ती बॅग ठेवतेच आहे."

"दिसेल कसं? लिही ते." शेवटी सातव्यांदा तिने कंसात ‘आपणहून’ लिहिलं, तेव्हा कुठे खूण झाली.

आणि इकडे शब्दकोशात एक पत्र आठ दिवस दडून होतं. दूरच्या एका नाट्यशाळेने मुलांना शिकवायला खारूला बोलावलं होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. असं बोलावणं याआधी दोनदा आलं होतं आणि दोन्ही वेळा तिने नाही कळवलं होतं. या वेळी तिला जायचं होतं, अगदी पोटातून जायचं होतं. पण सांगायला तोंड उघडलं की बाबा म्हणायचे, "अगं, माझा चष्मा बघितलास?" बाबा वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. खाष्ट बापाला सोडून जाता येतं. जो तिच्या आधी उठून तिचा चहा करून झाकून ठेवतो, त्याला काय सांगणार?

शनिवारी सकाळी जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम होती. छोट्या नायिकेला गालगुंड झालं होतं, बाबांचं काम करणारा नट दाढ काढायला गेला होता. दिग्दर्शक जाडजूड आणि सदा घाईत असलेला गृहस्थ. तो म्हणाला, "ताई, तुम्ही पोरीच्या जागी प्रॉक्सी द्या. आणि सर, तुम्हाला तर पुस्तक तोंडपाठ आहे. या वर."

बाबा खुशीत वर चढले आणि ठरल्याप्रमाणे खुर्चीजवळ उभे राहिले. दाराची नुसती लाकडी चौकट होती. चौकटीपलीकडून आईचं काम करणारी नटी म्हणाली, "येतेस ना? गाडी उभी आहे खाली."

खारू रिकामी बॅग घेऊन दारापर्यंत गेली. इथे थांबायचं, बॅग ठेवायची. स्वतःच तर लिहिलं होतं तिने. पण बोटं सुटेनात. तिने एक पाय चौकटीबाहेर टाकला.

त्याच क्षणी बाबा खुर्ची सोडून धावले. शहात्तर वर्षांचा, गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस, पण तीन ढांगांत आला. एका हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने तिची बोटं सोडवली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग बाकीची. बॅग त्यांच्या हातात आली.

"वा, सर!" दिग्दर्शक खालून ओरडला. "पुस्तकात नाहीये हे, पण काय खरं वाटतं! बॅग बाबाच काढून घेतात. हेच ठेवू. ताई, लिहून घ्या."

"छे, छे," बाबा म्हणाले. "ती आपणहून ठेवते. माझं आपलं चुकून..."

"करंगळीपासून, बाबा," खारू म्हणाली. "तेव्हाही तुम्ही करंगळीपासूनच सोडवली होतीत."

बाबा फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मी एकट्याने काय केलं असतं गं?"

खारूला भयंकर राग आला, तेहतीस वर्षांचा. आणि तेवढीच कीवही आली, म्हणून ती ओरडली नाही. तिने संहितेत ‘आपणहून’वर रेघ मारली, वर एक ओळ लिहिली आणि पान बाबांपुढे धरलं.

"खूण करा, बाबा."

पेन्सिल बाबांच्या खिशातच होती. पण बॅग त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि ती सोडायला ते तयार नव्हते.

"आपण घरी बोलू," ते म्हणाले.

"राहू दे ती तुमच्याकडे," खारू म्हणाली. "ती नाटकातली आहे. माझी मी घरी जाऊन भरते."

ती चौकटीतून बाहेर पडली.

"ताई, हेही लिहून घेतलंत ना?" दिग्दर्शक मागून ओरडला.