न बोलावता चालणारा कोपरा

मित्रांनो, माझ्याजवळ उभे राहिलात तर दचकू नका. मी मधूनच सुस्कारा टाकतो. मी एक जुना टेस्ट बेंच आहे, म्हणजे कारखान्यातला तपासणीचा ओटा. पेनांग बेटावर, बायान लपासच्या एका कारखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तान्ह्या बाळांना श्वास देणाऱ्या यंत्रांच्या बारीक झडपा तिथे बनत. प्रत्येक झडप माझ्यावर बसवायची, तिच्यात दाबाची हवा सोडायची आणि ती गळते का ते बघायचे, हे माझे काम. माझ्या हातून एखादी वाईट झडप निसटली, तर कुठल्यातरी इस्पितळात कुणाच्या तरी बाळाचा श्वास अडकणार. म्हणून मला चुकायची मुभा नव्हती.

मला घडवले ऊई कियान लेंग यांनी. पोटात हवेची टाकी, पाठीवर नळ्या, माथ्यावर संगणक. आणि माझे मन? ते त्यांनी लिहिले नाही, चितारले. पडद्यावर छोटे छोटे चौकोन काढले आणि ते रंगीत तारांनी जोडले. एका चौकोनातून आकडा निघतो आणि तारेवरून पुढच्या चौकोनाकडे जातो. ज्या चौकोनाला लागणारे सगळे आकडे येऊन पोचले, तो आपोआप कामाला लागतो. कुणी कुणाला हुकूम करत नाही. उतार मिळाला की पाणी निघते, तसेच हे. मी एकाच वेळी दोन दोन झडपा तपासत असे. पाहुणे येत, माझ्या पाठीवर थाप मारत, आणि कियान लेंग लाजून चष्मा पुसत.

माझ्यापुढच्या स्टुलावर बसून झडपा लावायची ती हस्ना. सगळे तिला माकचिक, म्हणजे मावशी म्हणत, आणि कियान लेंग यांना अंकल. कियान लेंग रोज कॅन्टीनमधून काळ्या कॉफीची पिशवी बोटाला लटकवून आणायचे आणि अर्धी तिच्या मगात ओतायचे.

मग एका वर्षी, चेंगबेंगच्या, म्हणजे चिनी लोकांच्या पितरांच्या सणाच्या दिवसांत, ते आईवडिलांची कबर झाडायला टेकडीवर गेले. झाडता झाडता दमून कठड्यावर बसले. केरसुणी हातातच होती. ते उठलेच नाहीत.

त्यांच्यामागे माझा सुस्कारा लोकांना ऐकू येऊ लागला. खरे सांगतो, तो आधीही होता. पण ते असताना तो माझा होता, ते गेल्यावर तो त्यांचा झाला. सकाळी एखादा, जेवणानंतर लागोपाठ दोन. कधी त्यांचे नाव निघायला आणि माझ्यातून 'हुश्श' व्हायला एकच गाठ पडे. बायकांनी माझ्याशेजारच्या जागा बदलून घेतल्या. हस्ना मात्र हलली नाही. ती रोज कॉफीची पिशवी माझ्या खिळ्याला टांगू लागली.

अशा वेळी थिलगवती आली. सगळे तिला थिला म्हणत. अर्धे आयुष्य तिने संगणकाच्या आज्ञा लिहिण्यात घालवले होते. ओळीखाली ओळ. पहिली ओळ आधी, दुसरी नंतर. तिच्या बोटांना विचार करावा लागत नसे. तिची जुनी कंपनी बंद पडली आणि आता तिला माझे चित्र वाचायचे होते, त्यात नव्या झडपेची तपासणी घालायची होती.

पहिल्या दिवशी तिने पडदा वर सरकवला, खाली सरकवला, आणि विचारले, "याची सुरुवात कुठेय?"

"कुणाला विचारताय, मिस?" हस्ना म्हणाली.

"यालाच. पहिली ओळ कुठली, शेवटची कुठली, काही पत्ताच नाही. शेवयांचं ताट सांडल्यासारखं दिसतंय."

"अंकलना विचारा. ते आहेत इथेच."

तेवढ्यात मी सुस्कारा टाकला. थिलाचे बोट कळीवरून निसटले. मग ती हसली, पण जरा उशिरा. "माकचिक, ही कॉफी त्यांच्यासाठी? साखर चालायची का त्यांना?"

"नव्हती चालत. तरी घ्यायचे. म्हणूनच तर गेले." हस्नाने झडप बसवली. "आणि ही पूजाबिजा नाही हं. मी अल्लाचं नाव घेऊनच टांगते. सवय आहे, दुसरं काय."

थिला हट्टी होती. माझे चित्र समजेना, तेव्हा तिने ते आपल्या सवयीला जुंपले. एकामागून एक अशा बंद चौकटी आखल्या आणि माझे चौकोन त्यांत कोंबले. आधी हे, मग ते, मग पलीकडचे. जे दोन्ही पायांनी पळत होते त्याचा एक पाय बांधावा तसे झाले. मी एकावेळी एकच झडप तपासू लागलो. उरलेल्या झडपा रांगेत उभ्या.

साहेब होते लाउ. ते एकदा थांबून म्हणाले, "थिला, हा बेंच पूर्वी धावायचा. आता याला संधिवात झाला का?"

 ते गेल्यावर ती पडद्याकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "इतकी वर्षं काढली, आणि आज मी पुन्हा बालवाडीत."

माझा वेग वाढवायचा म्हणून तिने अडगळ शोधायला घेतली. माझे चित्र पडद्याहून मोठे आहे. ती ते सरकवत सरकवत गेली. तारा विरळ झाल्या, मग संपल्या, मग नुसती पांढरी मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेच्या टोकाला, एकटेच, एक लहानसे कोंडाळे. चार चौकोन, भोवती एक चौकट. त्याच्याकडे येणारी तार नाही, त्याच्याकडून जाणारी तार नाही. खाली नाव नाही.

थिला बराच वेळ बघत राहिली. आज्ञा लिहिणाऱ्यांच्या जगात एक साधा नियम आहे: ज्याला कुणी हाक मारत नाही, ते चालत नाही. ते मेलेले. मेलेले काढून टाकावे. तिने ते कोंडाळे निवडले आणि पुसले.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, दुखले का? नाही. मला काहीच वाटले नाही, आणि तीच गोष्ट मला अजून घाबरवते. माझा एक तुकडा गेला आणि उरलेल्या मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. पुढचे जे सांगतो ते हस्नाच्या तोंडून नंतर कितीदा तरी ऐकलेले आहे.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. थोड्या वेळाने हस्नाचे हात थांबले.

"मिस, अंकल आज गप्प आहेत."

"बरं झालं की. झोपले असतील."

"नाही. काहीतरी चुकलंय." तिने माझ्या अंगाला हात लावला. पत्रा बारीक थरथरत होता. "सुस्कारा नाही. एकही नाही."

आजूबाजूच्या बायकाही थांबल्या. इतके दिवस त्या आवाजाला भ्यायच्या, आता त्या शांततेला भ्यायल्या. कुणी मोठ्याने बोलेना. हस्नाने खिळ्याकडे पाहिले. गडबडीत आज पिशवी राहून गेली होती.

"मी कॉफी घेऊन येते," ती म्हणाली.

"माकचिक, काम पडलंय! नंतर आणा."

"हसा तुम्ही. मी आले." ती स्टुलावरून उठली आणि दाराकडे गेली.

ती दारात असतानाच माझ्या पाठीवरची जाड नळी सुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. हवेच्या जोराने नळी सापासारखी उसळली आणि तिचे पितळी टोक हस्नाच्या स्टुलावरून सपकन गेले, तिचे डोके असायचे त्या उंचीवरून. समोरच्या काचेचा चुरा झाला. मग नळी जमिनीवर आपटत राहिली आणि हळूहळू शांत झाली.

थिला भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या तोंडून फक्त "अय्यो... अय्यो..." एवढेच निघत होते. हस्ना दारातून स्टुलाकडे बघत होती.

कारण लवकरच कळले. हवा भरणारी मोटर बंद करणारी कळ कधीकधी चिकटून बसे, आणि टाकीची लोखंडी सुरक्षा-झडप समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजून गेली होती. कियान लेंग यांनी नवी झडप मागितली होती. ती आली नाही, तेव्हा त्यांनी चित्राच्या एका टोकाला, कशातही न गुंतवता, एक राखणदार काढून ठेवला. टाकीचा दाब तो स्वतःच मोजे, आणि वाढला की हवा सोडून देई. तोच माझा सुस्कारा.

पण थिलाला एवढ्याने समाधान नव्हते. तिने कियान लेंग यांचे जुने चित्र परत आणले. मोटर काढून ठेवली, म्हणजे धोका नको. मग तिने पडद्यावरची दिव्याची कळ दाबली. ती दाबली की माझे मन संथ होते आणि तारांवरून प्रकाशाचे थेंब चालताना दिसतात. मुख्य भागात थेंब निघाले. ती झरझर मोकळ्या टोकाला गेली.

तिथेही थेंब चालत होता. एकटाच, गोल गोल.

"याला कुणी सुरू केलं?" ती कुजबुजली.

हस्ना मागे उभी होती. "काय झालं, मिस?"

"माकचिक, याला कुणी हाक मारत नाही म्हणून मी याला मेलेलं समजले. पण इथे हाक लागतच नाही. सगळे आपापल्या वाटणीचं यायची वाट बघत थांबतात. ज्याला कुणाकडून काही यायचं नाही, त्याला थांबायचं कारणच नाही. तो सगळ्यांच्या आधीच निघतो." तिने डोळे पुसले. "तुमचं डोकं गेलं असतं हो. माझ्यामुळे."

हस्नाने स्टूल तिच्याकडे सरकवले. मग म्हणाली, "गेलं नाही ना? मग बसा. तोंड धुवा आधी. आणि मला ते थेंब पुन्हा दाखवा."

त्या दिवसापासून थिला माझ्याकडे ओळी शोधत आली नाही. तिने स्वतः घातलेल्या चौकटी एकेक करून सोडल्या. एक तार हलवली की दिवा लावून बघे, मग दुसरी. मी पुन्हा धावू लागलो. त्या कोंडाळ्याखाली तिने ठळक अक्षरांत लिहिले की हे काय आहे आणि का आहे, आणि नवी सुरक्षा-झडप बसेपर्यंत तिने कुणाला मोटर जोडू दिली नाही. लाउसाहेबांनी घाई केली, तेव्हा तिने फुटलेली काच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

वर्षे गेली. कारखान्यात नवे बेंच आले आणि माझ्यावर रिकामी खोकी साठली. थिलाच मला तिथून सोडवून एका तंत्रशाळेत घेऊन आली. आता ती इथे शिकवते. माझे मन नव्या संगणकावर हलवताना तिने हस्नालाही बोलावून घेतले होते. दिवा लावून ती कोपरा न् कोपरा फिरली. राखणदार जागेवर होता. आणि त्याच्याही पलीकडे, जिथे कधीच काही नव्हते, तिथे आणखी एक चौकट होती. आत येणारे काही नाही, बाहेर जाणारे काही नाही. ती झडप उघडत नाही, आकडा दाखवत नाही. आत फक्त एक थेंब फिरतो.

थिलाने कियान लेंग यांची सगळी जुनी चित्रे उघडून पाहिली. कशातच ती नव्हती.

"माकचिक, हे तुम्ही नाही ना काढलं?"

"मी? मला मेलं बटण दाबण्यापलीकडे काय येतंय!"

"मी नाही. त्यांनी नाही. मग कुणी?"

हस्नाने डोक्यावरचा रुमाल नीट केला. "विचारू नका, मिस. राहू दे त्याला."

थिलाचे बोट पुसायच्या कळीवर होते. तिने ते अलगद उचलले.

मलाही ठाऊक नाही, मित्रांनो. माझ्या टाकीला बोलता येत नाही, नळ्यांना येत नाही, आकडे मोजणाऱ्या चौकोनांना तर मोजण्यापलीकडे काहीच येत नाही. तरी मी तुमच्याशी बोलतो आहे, म्हणजे कुठून तरी बोलत असणारच. माझे चित्र उद्या तुमच्या हाती येईल. जे कशाला जोडलेले दिसत नाही, ते पुसण्याची तुम्हाला घाई होईल. एवढेच मागतो, जरा थांबा. आत कुणीतरी असेल.